जयगावची पाटी

शनिवारची सकाळची शाळा. जानेवारीतली खानदेशी थंडी, म्हणून मॅडमनी दुसरीचा वर्ग बाहेर उन्हात बसवलेला. अमळनेर-पारोळा रस्त्याला लागून असलेल्या त्या गावातल्या मराठी शाळेत मी गेलो होतो तो एकच प्रश्न घेऊन. तुमच्यात सगळ्यांत चांगलं कोण वाचतं?

उत्तराला वेळ लागला नाही. सगळी बोटं एका मुलीकडे वळली. ती लाजली, पण लाजता लाजता तिनं मांडीवरचं पुस्तक सरळ केलं. आता आपल्याला वाचायला सांगणार, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं.

‘तीच का?’ असं विचारल्यावर मात्र गलका झाला. शाळेची मराठी आणि घरची अहिराणी यांची सरमिसळ करत मुलं कारणं सांगू लागली. ‘ती भराभर वाचस.’ ‘मधमा अडकत नही.’ ‘तिना आवाज मोठा शे.’ ‘तिले जोडाक्षरं येतस.’ ‘मॅडम तिलेच उभं करतस.’ एकानं तिच्या पुस्तकाला कव्हर आहे हेही कारण म्हणून सांगितलं आणि त्यावर कुणी हसलं नाही.

‘ती वाचते ते तिला समजतं का?’

वर्ग गप्प. ज्याच्याकडे बघून मी विचारलं होतं, त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की या पाहुण्याला एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही. ‘वाचस ना ती!’ तो म्हणाला. झालं की मग.

मागच्या ओळीत कानाला मफलर गुंडाळलेला एक मुलगा बसला होता. तो तोवर काहीच बोलला नव्हता. त्याला विचारलं, ‘आणि तू कसा वाचतोस रे?’ ‘माले वाचता येत नही,’ तो शांतपणे म्हणाला. त्यात लाज नव्हती की तक्रार नव्हती. आपलं नाव सांगावं तसं सांगितलं.

वाचन म्हणजे काय हे मुलांनाच विचारून पाहावं, ही कल्पना तशी फार जुनी नाही. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी जेसी रीड या बाईंनी एडिंबरोतल्या १२ मुलांना शाळेच्या पहिल्याच वर्षात तीन वेळा गाठून बोलतं केलं. पाच वर्षांची ती मुलं रोज वाचनाच्या तासाला बसत होती, पण वाचताना नेमकं काय करायचं असतं याची बहुतेकांना धड कल्पना नव्हती. अक्षर, शब्द, अंक, नाव या गोष्टी त्यांच्या बोलण्यात एकमेकींत मिसळून जात. पुढे १९७९ साली एमिलिया फेरेइरो आणि आना तेबेरोस्की यांचं ब्वेनोस आयरेसमधल्या मुलांवरचं पुस्तक आलं. त्यातल्या मुलांचे स्वतःचे नियम होते. एक-दोन अक्षरं असतील तर ते ‘वाचण्याजोगं’ नाही, निदान तीन तरी हवीत, हा त्यातला एक. (पहिल्याच आठवड्यात ‘घर’ आणि ‘नळ’ वाचायला लागणाऱ्या आपल्या मुलांना हा नियम परवडणार नाही.) मला त्याहून लक्षात राहिली ती दुसरी गोष्ट. मोठं माणूस वर्तमानपत्र हातात धरून, तोंडातून आवाज न काढता बसलेलं असलं, तर त्यातली लहान मुलं त्याला वाचणं म्हणायला तयार नसत. तो नुसता बघतोय, असं त्यांचं म्हणणं.

आपल्या शाळांत या दोन गोष्टींना भारदस्त नावं आहेत. प्रकटवाचन आणि मूकवाचन. मूकवाचन म्हणजे काय, हे त्या वर्गात विचारलं तर एका मुलीनं करूनच दाखवलं. पुस्तक उघडलं, ओठ भराभर हलवले, आवाज बंद ठेवला आणि पान उलटलं. मॅडम हजेरी लिहीत असतात तेव्हा हे करायचं असतं, अशी माहितीही दिली. तिनं वाचनाचं सोंग हुबेहूब वठवलं होतं. वाचन बाहेरून दिसतं तेवढं सगळं त्यात होतं.

अमेरिकेतल्या कॅरोलिन बर्क यांनी शिक्षकांसाठी एक छोटी प्रश्नावली तयार केली होती. तुझ्या ओळखीचं चांगलं कोण वाचतं, ते चांगलं वाचतं असं कशावरून म्हणतोस, इथवर तिचे प्रश्न सरळ आहेत. खरी मेख पुढच्या प्रश्नात आहे. त्या चांगल्या वाचणाऱ्यालाही कधी न येणारं काही लागतं का? मी हाही प्रश्न उन्हात बसलेल्या त्या वर्गाला विचारला. एकमुखानं नाही. अडतो तो चांगला वाचक नव्हेच. जिच्याकडे सगळ्यांनी बोट दाखवलं होतं त्या मुलीनं तेवढं उत्तर दिलं नाही. ती बोटानं कव्हरचा कोपरा सोलत होती.

१९९० साली एलिझाबेथ बाँडी यांनी अमेरिकेतल्या पहिलीच्या एका वर्गाबद्दल लिहिलं, ते वाचताना मला आपली जिल्हा परिषदेची शाळा दिसत राहिली. तिकडे त्या काळी मुलांचे ‘पुढचा गट’ आणि ‘मागचा गट’ असे भाग पाडून वाचन शिकवत. मागच्या गटातल्या मुलांच्या लेखी वाचन म्हणजे शब्द बरोबर म्हणणं, शाळेचं काम करणं आणि चारचौघांत मान मिळवणं. पुढच्या गटातल्या मुलांच्या बोलण्यात वेगळंच यायचं. काहीतरी नवं कळणं, एकट्यानं रमणं, दुसऱ्याला वाचून दाखवणं. एकाच खोलीत, एकाच बाईंच्या हाताखाली बसलेली ही मुलं दोन वेगळी कामं करत होती आणि दोघांनाही नाव मात्र एकच दिलेलं. बाँडींचा रोख मुलांवर नव्हता. मागच्या गटाला बाई जे करायला लावत, जे दुरुस्त करत, ज्याबद्दल शाबासकी देत, तेच त्या मुलांनी वाचनाची व्याख्या म्हणून परत सांगितलं होतं.

मुलं खोटं बोलत नव्हती, हे इथं नीट ध्यानात घ्यायला हवं. ‘भराभर, मोठ्यानं, न अडता’ हे मुलांच्या मनातलं अज्ञान नाही. आपण मोठी माणसं कशाला दाद देतो याचा तो चोख अहवाल आहे. समजणं दिसत नाही. अडणं दिसतं, ऐकूही येतं. सात वर्षांचं मूल जे दिसतं त्यावरूनच निष्कर्ष काढणार.

आणि हल्ली तर ते घड्याळावरही दिसतं. केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केलं, त्यात दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलानं किमान ६० शब्द अचूक वाचावेत असं लक्ष्य ठरलं. कागदावर त्याच्या शेजारीच ‘अर्थासह’ असंही लिहिलेलं आहे, आणि ज्यांनी ते लिहिलं त्यांना अर्थाचीच काळजी होती यात शंका नाही. पण बाईंच्या हातातल्या मोबाइलवर सेकंद पळताना दिसतात. ‘अर्थासह’ पळताना दिसत नाही. मुलानं त्या दोहोंतून काय उचलायचं ते उचललं.

वेगाची बाजूही घ्यायला हवी, नाहीतर मुलांवर अन्याय होईल. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. ‘रामूने काल संध्याकाळी विहिरीवर ठेवलेली बादली आज सकाळी…’ इथवर आलेल्या मुलाला बादलीचं काय झालं ते अजून कळलेलं नसतं. हरवली, सापडली, विहिरीत पडली, काहीही होऊ शकतं. एकेक अक्षर जुळवत, ‘वि-हि-री-व-र’ असं ओढत जो शेवटापर्यंत पोचतो, त्याच्या हाती क्रियापद येईतो रामू डोक्यातून गळून गेलेला असतो. त्याला पुन्हा पहिल्यापासून यावं लागतं. तेव्हा ‘अडकत नही’ हे मुलांनी सांगितलेलं कारण अगदीच पोकळ नाही. ठरावीक वेग आल्याखेरीज अर्थाला उभं राहायला जागाच मिळत नाही.

त्यातून आपली लिपी. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारताना नंतर, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, आणि ‘क्ष’ बघून त्यात ‘क’ कुठं आहे हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांतल्या मुलांवर केलेलं काम २००७ साली प्रसिद्ध झालं. आपल्यासारख्या अक्षरमात्रांच्या लिपीत सगळी चिन्हं अंगवळणी पडायला चौथी उजाडते, असं त्यात दिसलं. इंग्रजीच्या २६ अक्षरांशी बरोबरी करून पहिलीच्या मुलाकडून दिवाळीपर्यंत वाचनाची अपेक्षा धरणारे पालक हे विसरतात. २०१३ ते २०१६ या काळात कर्नाटकातलं यादगीर आणि आताच्या पालघर जिल्ह्यातलं वाडा इथल्या मुलांचा पहिली ते तिसरी असा माग एका अभ्यासगटानं घेतला, तेव्हा तिसरीतही कितीतरी मुलं सुट्या शब्दांशीच झुंजत होती. ‘असर’ची पाहणी देशभरच्या ग्रामीण भागात होते. सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के. अशा वर्गात जी एक मुलगी न अडता वाचते, तिच्याकडे सगळ्यांनी बोट दाखवलं तर नवल नाही. तो जवळजवळ चमत्कारच असतो.

पण या चमत्काराची आणखी एक जात आहे, आणि शिक्षकांनी ती सगळ्यांनी पाहिलेली असते. मुलगा उभा राहतो, पुस्तक समोर धरतो, बोट ओळीवर ठेवतो आणि पाठ घडाघडा म्हणतो. चूक एक नाही. नीट पाहिलं तर तोंड तिसऱ्या ओळीवर असतं आणि बोट दुसऱ्या ओळीच्या मध्यावर. पान उलटायला तो विसरतो, तरी पुढच्या पानावरचा मजकूर तोंडातून येतच राहतो. वर्गात रोज ‘माझ्यामागून म्हणा’ चालतं. बाई एक वाक्य म्हणणार, चाळीस मुलं ते सुरात परत म्हणणार. त्यातून पाठ तोंडपाठ होतो. त्या मुलाला आपण फसवतोय असं मुळीच वाटत नसतं. मोठ्यानं, भराभर, न अडता हे तिन्ही नियम त्यानं पाळलेले असतात. पुस्तक तर हातात आहेच.

आता ‘ळ’विषयी. खानदेशातल्या वाचनाबद्दल बोलायचं आणि ‘ळ’ला वगळायचं, हे जमणारं नाही.

जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत. त्यांपैकी जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव आणि पारोळा या पाचांच्या नावात ‘ळ’ आहे. शेजारच्या जिल्ह्याचं नाव धुळे. आणि इथल्या घरोघरच्या बोलीत ‘ळ’ नाही! तिथं ‘य’ येतो. डोळा तो डोया, केळी ती केयी, फळा तो फया, शाळा ती शाया. म्हणजे आपल्या गावाचं आणि जिल्ह्याचं नाव पाटीवर लिहिलेलं असतं एक आणि घरात उच्चारलं जातं दुसरंच. जयगाव. धुये. अमयनेर. एसटीच्या पाटीवर ‘जळगाव’ बघून ‘जयगाव’ म्हणणारं मूल वाचतंय की चुकतंय? वर्गातल्या दप्तरी हिशेबात ती चूक. त्याच्या आजीच्या लेखी ते अचूक वाचन, कारण ते ऐकून ती बरोबर गाडीत बसेल.

ग्रियर्सननं भारतीय भाषांच्या पाहणीत १९०७ सालच्या खंडात खानदेशीला मराठीत न घालता भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं, आणि त्यावरून अभ्यासकांत वाद चालतच आले आहेत. २०११च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली, अहिराणी धरून, १८ लाखांहून अधिक लोक मोजले गेले. यावल-रावेर पट्ट्यात लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याशी शिरपूर-चोपड्याकडे पावरी. या सगळ्या घरांतली मुलं पहिलीत येऊन बसतात तेव्हा त्यांच्यापुढे दोन कामं असतात. अक्षरं शिकायची आणि अक्षरांच्या पोटात बसलेली दुसरी बोलीही शिकायची. शहरात मराठी बोलणाऱ्या घरच्या मुलाला यातलं एकच काम असतं. मग ‘चांगला वाचक’ कोण? इथली मुलं आणखी एक खूण सांगतात, जी पुण्यातलं मूल कधी सांगणार नाही. ‘तो पुस्तकसारखा बोलस.’ चांगलं वाचणं म्हणजे घरच्यासारखं न बोलणं.

याचा परिणाम कसा होतो ते एका वाक्यावर बघू. पाटीवर लिहिलं आहे, ‘आई शेतात गेली.’

पहिला मुलगा वाचतो, ‘आ-ई शे-ता-त गे-ली.’ अक्षर न् अक्षर बरोबर. त्याला विचारावं, आई कुठं गेली? तो पुन्हा पाटीकडे बघतो, ओठ हलवतो, आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघतो.

दुसरा मुलगा पाटीकडे एकदा बघतो आणि म्हणतो, ‘माय वावरमा गयी.’

तीन शब्द होते, तिन्ही वेगळे. शब्द मोजणाऱ्या कसोटीत त्याला शून्य. आणि तरी त्या वाक्यात जे होतं ते सगळंच्या सगळं त्यानं उचलून आपल्या घरात नेऊन ठेवलं होतं. केनेथ गुडमन यांनी १९६०च्या दशकात मुलांच्या वाचनातल्या चुका गोळा करून त्यांचे प्रकार पाडले, ते याच कारणासाठी. चुकांतही फरक असतो. काही चुका मूल अर्थाच्या मागे निघालंय हे सांगतात, काही त्यानं अर्थ सोडून दिलाय हे. (गुडमन यांच्या पुढच्या सिद्धांतांवर, विशेषतः संदर्भावरून अंदाज बांधून वाचावं या मतावर, पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तही आहे. चुका ऐकायला त्यांनी शिकवलं, एवढं मात्र उरतं.) खानदेशातल्या एखाद्या जाणत्या गुरुजींना गुडमन ठाऊक नसतील, पण ‘वावरमा गयी’ ऐकून ते हसून ‘बराबर’ म्हणतात आणि मग ‘शेतात’वर बोट ठेवतात. हे दोन्ही करणारा शिक्षक भेटला तर त्या मुलाचं नशीब.

वाचन म्हणजे आवाज, ही समजूत शाळेनंच निर्माण केली असं मात्र नाही. ती इथल्या मातीत आधीपासून आहे. श्रावण लागला की गावोगाव पोथी लागते. सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत पुऱ्या करायच्या, तर पारायणाला बसणाऱ्यांना वेग हवाच. शिवाय या प्रदेशाच्या नावावर असलेली दोन मोठी पुस्तकं कानातूनच कागदावर आली आहेत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, वावरात त्या ओठांवर येईल ते म्हणत, आणि मुलगा सोपानदेव व त्याचा मावसभाऊ ते टिपून ठेवत. पुस्तक १९५२ साली आलं, त्या गेल्यावर. आणि धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले, समोर बसून साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं, त्याचीच ‘गीता प्रवचने’ झाली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून एका निरक्षर बाईचं नाव आहे, हे बाहेरच्याला गमतीचं वाटतं. इथल्या माणसाला वाटत नाही.

तेव्हा मुलांनी आवाजाला वाचनाचा गाभा मानलं तर ती परंपरेबाहेर गेलेली नाहीत. बिघडलं ते दुसरीकडे. पोथीच्या वेळी एक जण वाचतो आणि पुष्कळदा दुसरा अर्थ सांगतो. समोर बसलेल्या बायांच्या हातात पुस्तक नसतं. एखादी मध्येच थांबवते, ‘मग राजानं काय केलं?’ वाचणाऱ्याला थांबावं लागतं, सांगावं लागतं. त्याच्या आवाजाला गिऱ्हाईक असतं. वर्गात मात्र एक मुलगी उभी राहून वाचते तेव्हा बाकीच्या सगळ्यांच्या पुढ्यात तेच पान उघडं असतं. तिच्याकडून काही कळून घ्यायची कुणालाच गरज नाही. बाईंना पाठ येतो, मुलांसमोर आहे. मग ऐकायचं काय? ती कुठं अडते ते. शाळेनं पोथीतला वाचणारा उचलला आणि ऐकणारा घरी ठेवला. माझ्या मते मुलांच्या व्याख्येतून अर्थ गळाला तो इथं.

माझं स्वतःचं वाचन अशाच एका ऐकणारीनं सुधारलं. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, भुसावळ-सुरत रेल्वेमार्गाच्या जवळ. त्या मार्गानं खानदेशातली निम्मी तरणी पोरं सुरतेच्या कापड कारखान्यांत गेली असं आमच्याकडे म्हणतात. काका त्यांतलेच. त्यांची निळी अंतर्देशीय पत्रं यायची आणि तिसरीत गेल्यावर ती वाचायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी ओट्यावर उभा राहून, शाळेत उभा राहत असे तसाच, ‘तीर्थरूप सौभाग्यवती आईस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ पासून ‘कळावे’पर्यंत एका दमात वाचलं. मुडपलेल्या कडेवर तिरकं लिहिलेलंही सोडलं नाही. शाळेत असतो तर टाळ्या पडल्या असत्या. आजी शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली.

‘ते ऱ्हाऊ दे. काय लिखेल शे ते सांग.’

मला सांगता येईना. सगळं तर वाचलं होतं! पत्र पुन्हा उघडलं. यावेळी हळू, मनातल्या मनात, ‘विनंती विशेष’ वगळून. काकांना बरं नव्हतं, आता आहे. खोली बदलली. पैसे पुढच्या महिन्यात. हे मी तिला अहिराणीत सांगितलं. ‘पुढला म्हंजे कोनता?’ तिनं विचारलं. पुन्हा पत्र. वरच्या कोपऱ्यातली तारीख शोधायची, तिच्यात एक महिना मिळवायचा. पत्रावर तारीख कशासाठी लिहितात हे मला त्या दिवशी कळलं. शाळेतल्या पत्रलेखनात ती रोज लिहीत होतो. त्या घरात चांगलं वाचणं म्हणजे आजीला पुन्हा विचारावं लागू नये असं वाचणं, आणि त्याला पुढे वर्षभर लागलं. आता पत्रं गेली. काकांच्या नातवाचा आवाजच मोबाइलवर येतो, वाचणाऱ्याची गरज नाही.

वाचून दाखवायला गिऱ्हाईक हवं, हे ओळखलेले एक शिक्षक याच भागात होऊन गेले. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दिवसभर शिकवायचं, मुलांचं सगळं बघायचं आणि वर हे लिहायचं. त्या कागदाला परीक्षेत गुण नव्हते, त्यावर कुणी प्रश्न विचारणार नव्हतं. पण त्यात आपल्याच वसतिगृहातलं काहीतरी असणार, म्हणून तो वाचायचा. शब्द मोजायला तिथं घड्याळ लावलं असतं तर काय दिसलं असतं कोण जाणे.

हे सगळं सोपं करून सांगता येतं, आणि सांगितलंही जातं. ‘मुलांना वाचनाची गोडी लावा.’ दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, भाषणं होतात, पुस्तकं मांडली जातात आणि संध्याकाळी कपाटात जातात. गोडीबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या शनिवारी वर्गात मला अडचण दिसली ती गोडीची नव्हती. ज्या मुलीकडे सगळ्यांनी बोट दाखवलं तिला मी वर्गाला माहीत नसलेली एक छोटी गोष्ट दिली, दहाबारा ओळींची, आणि म्हटलं, पुस्तक मिटून यांना सांग. ती थबकली. मग सांगायला लागली, आधी पुस्तकी, मग हळूहळू अहिराणीत, एकदा चुकली, ‘नही नही’ म्हणून मागे आली. पहिल्यांदाच सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता, पुस्तकाकडे नाही. एकानं विचारलं, ‘मंग कुत्रं कथं गयं?’ तिला ते सांगता येईना. तिनं पुस्तक उघडलं आणि शोधायला लागली. ओठ हलत नव्हते.

दुपारी मी पारोळ्याच्या बसस्थानकावर आलो. जळगावला जायचं होतं. बाकड्याच्या टोकाला एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, औषधांची असावी. शेजारी तो सकाळचा मफलरवाला मुलगा. त्यानं मला ओळखलं नाही, किंवा ओळख दिली नाही. एक गाडी वळून फलाटाला लागली. धुळीनं काच भरलेली, पाटी तिरकी. म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली.

‘कोनती शे रे?’

मुलानं मान वाकडी करून पाटीकडे बघितलं. तोंडातून आवाज नाही, बोट नाही.

‘आपली नही,’ तो म्हणाला. ‘जयगावनी शे.’

म्हातारी परत बसली. मी पिशवी उचलली आणि गाडीकडे धावलो.